दुभाष्यानं सांगितलेला आकडा

आमचा धंदा हातोड्यांच्या दांड्यांचा. लाकूड दादा निवडतो, लेथवर सहा माणसं आहेत आणि गिऱ्हाइकाशी बोलणं वहिनीकडे. त्यामुळे परदेशातल्या व्यापाऱ्यानं बोलावलं तेव्हा वहिनी निघाली. दादाला कारखाना सोडवेना, म्हणून सोबत मी.

दुभाष्या व्यापाऱ्यानंच पाठवला होता. काही वर्षं आपल्याकडे राहिलेला, मराठी फर्डं बोलायचा. मी खूश झालो. टॅक्सीत वहिनी हळूच म्हणाली, "भाऊजी, भाषा आपली बोलतोय, पण मीठ कुणाचं खातोय?"

"वहिनी, तुला दूधवाल्याचाही संशय येतो."

"आला म्हणून तर दूध दाट झालं."

व्यापाऱ्याची कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. भिंतीलगत नमुन्यांची कपाटं, मध्ये लांब टेबल. व्यापारी वयस्कर, मितभाषी. आमचा दांडा उजेडात धरून तो लाकडाच्या रेषा निरखत होता. वहिनी म्हणाली, "महिन्याला चार हजार देऊ. त्याहून जास्त नाही, लाकूड सुकायला वेळ लागतो."

एवढंच. दुभाष्या मात्र बराच वेळ बोलत राहिला. व्यापाऱ्यानं मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

नमुना परत घेण्याच्या निमित्तानं वहिनी उठली, वहीवर नजर टाकून आली. "अक्षरं कळत नाहीत," ती पुटपुटली, "पण आकडा कळतो. नऊ हजार लिहिलेत."

मी म्हणालो, "दुसऱ्या कशाचा असेल. विचारून घेऊ."

"कुणाला? यालाच?"

तिनं कोरा कागद ओढला, त्यावर दांड्याचं चित्र काढलं, पुढे चार हजाराचा आकडा. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर पूर्ण महिन्यावरून बोट फिरवलं. व्यापाऱ्यानं कागद पाहिला, आपली वही पाहिली आणि शेवटी दुभाष्याकडे पाहिलं.

दुभाष्या कॉलर सैल करत म्हणाला, "ताई, मोठा आकडा सांगितला की काम पक्कं होतं. कमी नंतरही करता येतं." त्याची दलाली नगावर होती, हे आम्हाला मागाहून कळलं.

व्यापाऱ्यानं नऊ खोडून चार केले आणि करारपत्र सहीसाठी पुढे सरकवलं. मी पेनचं टोपण काढलंही होतं. वहिनीनं कागद उचलून पर्समध्ये घातले. "सही उद्या."

सकाळी आम्ही स्वतःच चौकशी करत फिरलो. दोन गल्ल्या पलीकडे, एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वर, भाषांतर करणारी, हिंदी येणारी बाई सापडली. तिनं करार वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. एखाद्या महिन्यात माल कमी भरला, तर त्या महिन्याचा सगळा माल फुकट द्यायचा.

नऊ हजार कबूल केले असते तर पहिल्याच महिन्यात आम्ही बुडालो असतो.

त्या बाईलाच घेऊन आम्ही पुन्हा तिसरा मजला चढलो. पहिला दुभाष्या तिथं नव्हता. वहिनीनं ओळ दाखवली. व्यापाऱ्यानं ती खोडली, बाजूला सही केली. कशाला हरकत नाही, कसला खुलासा नाही. मला हायसं वाटलं.

जिना उतरताना वहिनी म्हणाली, "फार सहज खोडली."

"मग काय, भांडायला हवं होतं?"

"स्वतःची ओळ असती तर थोडा तरी अडला असता; दुभाष्यानंच घुसवली असेल. किंवा ठेवून पाहिली असेल, चालली तर चालली."

सहा महिन्यांचा करार झाला. दोन खेपा गेल्या, दोन्ही वेळेवर. व्यापाऱ्याची पत्रं नीट येतात, गोडही असतात. दादा म्हणतो, माणूस भला दिसतो. वहिनी म्हणते, असेलही, आणि प्रत्येक पत्राचा फोटो पाठवून ते आधी त्या बाईकडून वाचून घेते.