जांभळी चौकट

"आरं, चहावाल्याकडं धर की! तिकडं कुणाचा फोटो काढायलास?" युवराज ओरडला.

इसूफनं डोळ्याला लावलेला कॅमेरा काढला नाही. रविवारी सकाळी कॅमेरे गळ्यात अडकवून भुईकोट किल्ल्याच्या बागेत हिंडणाऱ्या हौशी मंडळींपैकी हे दोघं. चहावाला किटली उंच धरून मोठ्या रुबाबात उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर कॅमेऱ्यानं चेहरा हेरणारी पांढरी चौकट आणली, आणि लगेच ती सोडून चौकट शेजारी सरकली. तिथं कुणीच नव्हतं. मागं तटाची काळी भिंत, पुढं मोकळी हवा. त्या हवेत, बाईमाणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, चौकट जांभळी होऊन थांबली. थांबली म्हणजे अगदी स्थिर नव्हे; उभ्या माणसाची मान जशी किंचित हलते, तशी हलत होती. इसूफनं बटण दाबलं. फोटोत चहावाला पुसट आला.

"येवढा भारी फुल फ्रेम कॅमेरा घेतलास आन् फोकस हवेवर?" युवराज खदखदून हसला. मग त्यानं स्वतः कॅमेऱ्यातून पाहिलं आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

"जांभळी म्हंजी वळखीचा चेहरा," तो हळू आवाजात म्हणाला. "आदल्या मालकानं कुणाचं तरी तोंड ह्यात नोंदवून ठिवलंय. ते दिसलं की कॅमेरा बाकी सगळ्यास्नी सोडून त्याच्याकडंच धावतो."

"पण दिसलं कुटं? हितं तर कुणीच न्हाई."

"ते मला काय इचारतोस? रिसेट मार आन् मोकळा हो."

रिसेट इसूफनं मुद्दाम मारलं नव्हतं. कुंभारीच्या मल्लप्पा मास्तरांकडून त्यानं हा जुना कॅमेरा घेतला होता. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे, आणि त्यांच्या फोटोतली माणसं पाहून इसूफ पार वेडा झाला होता. जाणत्या हाताचं सेटिंग कशाला मोडायचं, असा त्याचा हिशेब. शेजारणीकडून आणलेलं विरजण जपावं, तसं त्यानं ते जपलं होतं.

खरं कारण निराळं होतं, आणि ते त्यानं युवराजला सांगितलं नाही. जांभळी चौकट त्यानं आधीच पाहिली होती, स्वतःच्या घरात.

इसूफ चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंग बघायचा. कॅमेऱ्याचं वेड लहानपणापासूनचं, पण घरात आईचा, सुगराबीचा, एक धड फोटो नव्हता. लेन्स रोखली की ती ओढणीचं टोक तोंडावर घ्यायची. "मेरा क्या फोटू निकालता रे, जा उधर!" चांगला कॅमेरा आणू, मग हिला गाफील गाठू, असं म्हणता म्हणता अम्मी गेली, आणि त्यानंतर हा कॅमेरा घरात आला. ही चुटपुट इसूफला जेवताना, कामावर, नमाजातसुद्धा सोडत नव्हती.

आणि मग एका दुपारी खिडकीचा उजेड तपासायला त्यानं अम्मीच्या रिकाम्या खाटेवर लेन्स धरली. चौकट उमटली. खाटेवर पाय सोडून माणूस बसावा, त्या उंचीवर. त्यानं कॅमेरा खाली केला; खाटेवर चादरीची घडी होती, बाकी काही नाही. पुन्हा डोळ्याला लावला. चौकट जराशी त्याच्याकडे वळल्यासारखी झाली. भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण तो रडला आनंदानं. त्या दिवसापासून कामावरून आला की रोज तो खाटेसमोर कॅमेरा घेऊन बसायचा.

अम्मी या कॅमेऱ्यापुढे कधी आलीच नव्हती, मग तिचा चेहरा त्यात नोंदवणार कोण? हे त्याला कळत होतं. कळून घ्यायचं नव्हतं.

किल्ल्यातून आल्यावर बायकोनं, झीनतनं, त्याला गाठलं. "एक बार कॅमेरे में खोल के देखो तो, किसका चेहरा है वो. ऐसा कब तक चलेगा?"

आत कोण आहे ते बघण्यापेक्षा अम्मीचाच चेहरा नोंदवून टाकू, असं त्यानं ठरवलं. म्हणजे तरी चौकट तिचीच होईल. त्यानं आधार कार्डावरचा तिचा फोटो टेबलावर ठेवून कॅमेरा रोखला. नोंद होत नाही, असं कॅमेऱ्यानं सांगितलं. पुन्हा धरला, पुन्हा नाही. आणि पडद्यावरच्या त्याच पानावर, नखाएवढा, आधी नोंदवलेला चेहरा होता. कपाळावर विभूतीचे पट्टे, नाकात मोरणी, हसरी, कुणी परकी बाई. इसूफला तिचा रागच आला. ही कोण, आणि माझ्या अम्मीच्या जागेवर का बसते?

दुपारी तो कुंभारीला गेला.

"काय झालं? बिघडला व्हय?" मल्लप्पा मास्तर पायरीवर बसले होते. इसूफनं कॅमेऱ्याचा पडदा, तो चेहरा उघडून, त्यांच्या डोळ्यांजवळ नेला.

"चंद्रव्वा. आमची मंडळी." त्यांनी अंगठ्यानं पडदा पुसला. "ती गेल्यावर बी चौकट यायची. चुलीपाशी, दारात. मग पोरानं तिचं सामान उचललं, खोली रंगवली, आन् येईना झाली. वाटलं, गेली बघा आता. मग ठिवून तरी काय करू? इकला." त्यांनी मान वर केली. "तुमाला कुटं दिसली?"

"किल्ल्यात. आणि घरी, खाटेवर. अम्मीची खाट हाय ती. अम्मी गेली आमची."

"किल्ल्यात तर माझ्या संगं यायचीच ती. पर खाट रिकामी हाय की काय?"

"व्हय."

"मग बसणारच." मास्तर सहज बोलले, जणू बायको शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. "कुणाच्या घरात कोण गेलं, की ही आधी तितं जाऊन बसायची. रिकामी खाट तिला बघवायचीच न्हाई. राग मानू नका."

इसूफचा राग कुठल्या कुठं गेला. अम्मी नव्हती ती; पण अम्मीची जागा ओकीबोकी राहू नये म्हणून कुणीतरी येऊन बसत होतं.

"आता हितं हाय का, बघता?" मास्तरांनी भीत भीत विचारलं.

इसूफनं कॅमेरा डोळ्याला लावला. मास्तरांच्या चेहऱ्यावर पांढरी चौकट आली, अडखळली, आणि शेजारी सरकून जांभळी झाली. त्यानं बटण दाबलं. फोटोत पायरीची रिकामी कड लख्ख होती आणि मास्तर धुक्यात बसल्यासारखे दिसत होते.

"पुसट आलात. दुसरा काढतो."

"नका काढू." मास्तरांनी पडदा दोन्ही हातांत धरला. "ती संगं असली की समद्यांचं ध्यान तिच्याकडंच. मी जल्मभर असाच पुसट हाय. लई झ्याक आलाय."

इसूफनं कॅमेऱ्याचा पट्टा स्वतःच्या गळ्यातून काढून कायमचाच मास्तरांच्या गळ्यात घातला. त्यांनी पायरीवर जरा सरकून शेजारी जागा केली. इसूफ बसायला वाकला, ती जागा रिकामी नाही हे आठवून थांबला, आणि उभ्याउभ्याच चपला पायात घालू लागला.