टिटवीचे टोकाचे बूट

मी हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालण्याचं काम करते. दिवसभर माझ्यापुढे येतात ते मोडलेले पाय. जिन्यावरून घसरलेले, मोटरसायकलखाली सापडलेले, फुटबॉलच्या मैदानातून थेट उचलून आणलेले. त्यामुळे लेकीच्या डान्स टीचर म्हणाल्या, "आता हिच्यासाठी पॉइंट शूज बघा," तेव्हा बाकीच्या आया कौतुकाने बघत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे प्लास्टरची बादली आली होती.

बॅले करणाऱ्या मुली पायाच्या बोटांच्या अगदी टोकावर उभ्या राहतात, त्या या बुटांच्या जोरावर. बोटांच्या टोकावर! बोटाचं हाड केवढंसं असतं ते मला विचारा. मी लेकीचा एक्स-रे काढून आमच्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, "हाडं छान आहेत, घोटा मजबूत आहे. टीचर म्हणतायत तर घालू दे की." पटलं, पण भीती काही जाईना.

लेक बारा वर्षांची. लांबच लांब पाय आणि अखंड चालणारं तोंड, म्हणून तिचा मामा तिला टिटवी म्हणायला लागला, आणि मग सगळेच. तिच्या बाबाला म्हटलं, तू पण चल. "मला काय कळतंय? मला सगळे गुलाबीच दिसणार," म्हणून त्याने अंग काढून घेतलं. शनिवारी आम्ही दोघीच निघालो.

पडद्यांच्या कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर बॅलेच्या बुटांचं दुकान होतं, एकच खोली. एका भिंतीला आरसा, त्याच्यासमोर धरायला लाकडी दांडा, आणि बाकीच्या भिंती छतापर्यंत कप्प्यांनी भरलेल्या. कप्प्याकप्प्यातून बुटांचे तळवे बाहेर डोकावत होते. टिटवीने कोणी न सांगताच दारात चपला काढल्या.

दुकानाच्या बाई एके काळी स्वतः नाचायच्या. आता केस पांढरे, बारीक कापलेले, आणि एक गुडघा वाकत नसल्यामुळे तो पाय लांब करून त्या बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी टिटवीचा पाय मांडीवर घेतला आणि नुसत्या बघत राहिल्या. एवढे पाय माझ्या हाताखालून गेले, पण धडधाकट पायाकडे असं बघताना मी कोणाला पाहिलं नव्हतं.

"पंजा रुंद, टाच अगदी नाजूक," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "बोटं जवळजवळ एका उंचीची. छान."

"एक नंबर मोठाच द्या," मी म्हटलं. "पाय वाढतोय तिचा."

बाई हसल्या. "स्वेटर घ्या मोठा, रेनकोट घ्या मोठा. हा बूट कातडीसारखा बसायला हवा. आत जागा राहिली की पाय घसरतो आणि सगळा भार बोटांवर येतो."

आमच्या घरात आजवर मापाची वस्तू आलेली नाही. टिटवीच्या बारशाचं टोपडं तिला बालवाडीत बसायला लागलं. 

टिटवीच्या मनात कधीचेच एक बूट भरले होते. क्लासमधल्या मोठ्या मुली घालतात ते, चकचकीत, निमुळत्या टोकाचे. "मला तेच हवेत," तिने बोट दाखवलं. मला वाटलं बाई नाही म्हणतील. पण त्यांनी निमूटपणे जोड काढला, तिच्या पायात चढवला आणि तिला दांड्याशी उभं केलं.

"कुठे दुखतंय?"

"कुठेच नाही!"

"नक्की?"

"अजिबात नाही. मस्त आहेत!"

टिटवीचे कान लाल झाले होते. खोटं बोलताना तिचे कान तिला दगा देतात. मी खाली बसले, बूट काढला, मोजा ओढला आणि तिच्या करंगळीचं नख दाबून सोडलं. प्लास्टर आवळलंय का ते आम्ही असंच बघतो. दाबलं की नख पांढरं पडतं आणि सोडताच रक्त परत येतं. इथे ते यायला तयारच नव्हतं.

"करंगळी बधिर झालीय ना तुझी?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "दुखतं म्हटलं असतं तर तू घरी नेलं असतंस मला. तू त्यासाठीच आलीयस."

खोलीत आम्ही तिघीच होतो, तरी मला कुठे तोंड लपवू असं झालं. कारण पोरगी बरोबर बोलत होती. जिना चढताना माझ्या मनात हेच होतं, की एकही जोड बसू नये, म्हणजे माझ्यावर वाईटपणा यायला नको.

बाई मध्ये पडल्या नाहीत. त्यांनी काढलेला बूट उचलून बाजूला ठेवला.

"हे बघ," शेवटी मी म्हटलं, "जे होतंय ते खरं खरं सांग. दुखलं म्हणून मी नाही म्हणणार नाही. आपण दुसरा जोड बघू. दुकान बंद होईपर्यंत बघू."

"शप्पथ?"

"शप्पथ."

मग मात्र टिटवीचं तोंड सुटलं. हा करंगळीला चावतोय. हा पुढे बरा आहे पण टाचेतून निघतोय. यात मी आत बुडतेय, आई, विहिरीत पडल्यासारखी. बाई ऐकायच्या, मान डोलवायच्या, स्टूल सरकवत दुसऱ्या कप्प्यातून जोड काढायच्या. शेजारी बुटांचा ढीग झाला.

त्यातला एक मी उचलून बघितला. वरून सॅटिन, मऊ. पण टोक दगडासारखं.

"आत लाकूड घालतात का हो?"

"छे. कापड आणि कागद. खळ लावून एकावर एक थर द्यायचे, हाताने दाबत आकार द्यायचा आणि वाळवायचं."

मी बोट आत घातलं. थर बोटाला लागत होते. एकावर एक, कुठे सुरकुती नाही, कडेला बारीक दाबून बसवलेले. अहो, हे तर माझंच काम! ओलं कापड, थर, तळहाताने गुळगुळीत करणं, वाळायची वाट बघणं. मी तेच करते ते पाय जागचा हलू नये म्हणून. आणि कुणीतरी, कुठल्या गावात कोण जाणे, त्याच थरांवर एक अख्खी मुलगी उभी करत होतं. तळव्यावर चामड्यात एक इवलंसं पान ठोकलेलं होतं.

"ही करणाऱ्याची खूण," बाई म्हणाल्या. "ज्याची त्याची वेगळी."

मी त्या पानावरून अंगठा फिरवला. माझे हात मला एकदम फार मोठ्या घराण्यातले वाटायला लागले.

"हा घालून बघू," बाईंनी एक जोड काढला. टिटवीने नाक मुरडलं. रंग मळकट, दूध जास्त झालेल्या चहासारखा, आणि टोक चांगलं रुंद. पण पाय आत गेला आणि ती गप्प झाली.

"बोल."

"काहीच होत नाहीये," ती दबकत म्हणाली. तिचे कान लाल नव्हते. "म्हणजे... सगळीकडून धरलंय. कुणी हातात धरल्यासारखं."

"दांडा धर. गुडघे वाकव. आता बोटांवर उड्या नाही घ्यायच्या, जमिनीला ढकलायचं आणि वर यायचं."

टिटवीने श्वास घेतला आणि वर आली.

काय सांगू! टाचा सुटल्या, मग पंजा, आणि मग पायाखाली काही उरलंच नाही. एवढ्याशा चपट्या टोकावर माझी मुलगी उभी होती, स्वतःचं दप्तर उचलताना कुरकुरणारी माझी मुलगी, आणि तिच्या पोटरीपासून मानेपर्यंत एकच सरळ रेष ओढल्यासारखी दिसत होती. घोट्यात मला प्रत्येक हाड ओळखू येत होतं. नावानिशी. त्यांना मी तुटलेलं, सरकलेलं, तडकलेलं पाहिलं होतं. ती सगळी मिळून हे करू शकतात, यासाठी ती अशी रचलेली आहेत, हे मला कुणी कधी दाखवलं नव्हतं.  मी हात पुढे केला होता, ती पडली तर धरायला. तो तसाच हवेत राहिला.

टिटवी आरशात बघत होती.  स्वतःला पहिल्यांदाच भेटल्यासारखी बघत होती.

बाईंनी तिच्या टाचेवरचं सॅटिन चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "हाच." त्या अजून तिच्या पायाकडेच बघत होत्या. इतक्या मुलींना वर येताना पाहूनही.

घरी आल्यावर रिबिनी मी शिवल्या नाहीत, टिटवीनेच शिवल्या. टीचरनी सक्तीच केली होती. तीनदा उसवल्या, दोनदा बोटाला सुई टोचली, आणि बाबाने विचारलं, "गुलाबी नाहीत?" तेव्हा त्याला बिचाऱ्याला अर्धा तास ऐकून घ्यावं लागलं.

पुढच्या आठवड्यात टीचरनी बूट तपासले आणि मुलींना दांड्याशी रांगेत उभं केलं. नाच वगैरे काही नाही. नुसतं वर, नुसतं खाली. आम्ही आयाबाप काचेच्या दाराबाहेर गर्दी करून उभे होतो, कुणी फोनवर, कुणी भाजीच्या पिशव्या सावरत. पियानो वाजला आणि सगळी रांग एकदम वर आली.  माझ्या शेजारच्या गृहस्थांनी फोन कानावरून कधी खाली घेतला ते त्यांनाही कळलं नसेल. फोनमधून कोणीतरी हॅलो, हॅलो करत होतं.

मुली खाली आल्या. बुटांची टोकं लाकडी जमिनीवर टकटक वाजली.

"पुन्हा," टीचर म्हणाल्या.