एक टीप आत

न्हाणीघरात नळ सुरू झाला तसा मास्तरांनी बायकोचा निळा ड्रेस उलटा केला आणि बगलेपासून कमरेपर्यंत, जुन्या शिवणीच्या सूतभर आतून, नवी टीप मारली. मग दुसऱ्या बाजूने. जुनी टीप उसवली, दोऱ्याचे तुकडे फुंकरीने उडवले, इस्त्री फिरवली आणि ड्रेस होता तिथे लावून ठेवला. शिंप्याचा हात, नळ बंद व्हायच्या आत काम उरकलं.

बायकोने डोक्यातून ड्रेस घातला, दंडाशी अडकली, श्वास आत ओढून कशीबशी चेन लावली.

"अहो, परत घट्ट झाला."

"कापडाला नावं ठेवू नकोस," मास्तर टेप गुंडाळत म्हणाले. "कापड काही खात नाही."

ती हसली. लोकांनी हसायच्या आत आपणच हसून घ्यायचं, ही तिची जुनी सवय. दुकानात भर गर्दीत एक गिऱ्हाईक म्हणालं होतं, "मास्तर, वहिनींच्या एका ड्रेसात आमचे दोन निघतील की!" तेव्हाही सगळ्यांत मोठ्याने तीच हसली. मास्तर हसले नाहीत. गावाची पोटं कापडाखाली झाकण्यात त्यांची हयात गेली होती, आणि घरचंच माप असं चव्हाट्यावर आलं. त्यांनी तिला चालायला सांगितलं, गोड सोडायला सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. मग त्यांना ही युक्ती सुचली.

युक्ती लागू पडली. बायकोच्या ताटाची बशी झाली, बशीची वाटी. ती जिने चढू लागली, बाजारात चालत जाऊ लागली. मास्तर तिचा प्रत्येक ड्रेस सूतभर आत घेत होते, ते अर्धा बोट घेऊ लागले, मग बोटभर. ती उतरते आहे हे त्यांना कळत होतं. ते कळणारे ते एकटेच होते. आरशात ती भांग पाडण्यापुरती बघे. शेजारीण एकदा म्हणाली, "वाळलीस गं." बायकोने घरी येऊन सांगितलं, "टोमणा मारायची पण बघा काय तऱ्हा!"

मास्तरांच्या ओठावर आलं होतं. पण आत्ता सांगितलं तर सैल सोडेल, त्यांनी विचार केला, आणि सुईत दोरा ओवला.

जिन्यातच ती कोसळली.

डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढून पाहिली. पोट दाबलं. उजवीकडे एका जागी त्यांची बोटं थांबली, पुढे गेली, पुन्हा तिथेच आली. वजनकाट्यावर बायकोने डोळे मिटून घेतले.

"आकडा सांगू नका हं बाई. तुमच्या पाया पडते."

"आधी किती होतं?"

"कोण बघतंय! लग्नानंतर आज चढले काट्यावर."

"इतक्यात वजन उतरलंय का? कपडे सैल व्हायला लागलेत?"

"सैल?" बायकोने बरगडीवर ताणलेलं कापड चिमटीत धरायचा प्रयत्न केला; चिमूट भरेना. "विचारा ह्यांना. रोज शिवणीशी झटापट आहे माझी."

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर टेबलावरच्या कापडाची कड बघत होते. कड नीट दुमडली नव्हती.

"हो," ते म्हणाले. "घट्टच होतात."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मग उपाशी राहून अशक्तपणा आलाय. नीट जेवा. पण कपडे सैल वाटायला लागले, तर एक दिवस थांबू नका. त्याच दिवशी या. मोठ्या दवाखान्यात तपासण्या कराव्या लागतील."

दुसऱ्या दिवशी बायको आंघोळीला गेली तसे मास्तरांनी पुन्हा निळा ड्रेस उलटा केला. या वेळी आत घ्यायचं नव्हतं. शिवणीच्या आत जादा कापडाची तळहाताएवढी माया दडली होती. मूळ शिवण होती तिथपर्यंत त्यांनी सगळं मोकळं केलं आणि तिथेच टीप मारली. तिलाच कळेल. तीच म्हणेल, चला दवाखान्यात. आपल्याला काही बोलावं लागणार नाही.

बायकोने ड्रेस घातला. तो अडकला नाही. खांद्यावरून सरसरत खाली गेला आणि खुंटीला टांगल्यासारखा लोंबू लागला. ती तशीच उभी राहिली. मग आरशाकडे गेली आणि आज पहिल्यांदा गळ्याखाली पाहिलं.

"अहो!" तिने दोन्ही हातांनी कापड बाजूला ताणलं. "अहो, उतरलं की हो! बघा तरी!"

"दवाखान्यात जाऊ," मास्तर म्हणाले. "बाई काय म्हणाल्या होत्या?"

"ते आजाऱ्यांसाठी. मी उपाशी राहिलेय, तो जीव काय फुकट जाळला?" ती एकदा गोल फिरली, तोल गेला तशी मशीनला धरून उभी राहिली, आणि धाप लागलेली असताना हसली. हे हसणं कोणाच्या आधी उरकलेलं नव्हतं. "एकदा म्हणा ना, छान दिसतेस. कधी म्हणाला नाहीत."

मास्तरांनी तोंड उघडलं. तिच्या गळ्याची हाडं हँगरसारखी वर आली होती.

"छान दिसतेस," ते म्हणाले.

तिने ड्रेस उतरवला आणि मशीनवर त्यांच्यापुढे पसरला.

"मग हा जरा आत घ्या की," ती म्हणाली. "सैल कपड्यात लोकांना कसं कळणार?"

मास्तरांनी टेप गळ्यात घातला. ती हात वर करून उभी राहिली.