पाच वॉटची हाक

मी एक जुना रेडिओ आहे आणि माझी हाक ठाण्याला पोचली नाही. मित्रांनो, हे वाक्य मी म्हटलंच नाही असं समजा. आपण नीट, जन्मापासून जाऊ.

माझा जन्म ठाण्यातल्या एका सोसायटीत, जेवणाच्या टेबलावर झाला. दत्तात्रय नावाच्या हौशी रेडिओवाल्यांनी सुटे भाग जोडून मला घडवलं. आकार पोळीच्या डब्याएवढा, ताकद पाच वॉट. पण झाडावर तार टाकून मोर्सची टिकटिक सुरू केली, की माझी हाक वर आभाळावर आपटून थेट दुसऱ्या देशात उतरते. तिला व्हिसा लागत नाही. एवढाच माझा मोठेपणा.

त्यांचा मुलगा यतिन शिकायला ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला निघाला, तेव्हा मला लोणच्याच्या बरणीशेजारी बांधण्यात आलं. पुढे युनि संपली, नोकरी लागली, कौमुदीशी लग्न झालं. मी तिथल्याच मॉसन लेक्स उपनगरातल्या घरात कपाटावर, इस्त्रीखाली. वाईट वाटून घेतलं नाही. इस्त्रीलाही फारसं काम नव्हतं.

मग करोना आला आणि सीमा बंद झाल्या. २०२१ चा मे उजाडला तरी यतिनला ठाण्याला जाता येईना. बाबांचे कान गेलेले. फोनवरचं बोलणं त्यांना कळत नसे आणि मेसेजला ते फक्त ‘ठीक’ म्हणत. त्यांच्या घरच्या रेडिओवरची एका सुरातली टिकटिक मात्र त्यांना लख्ख ऐकू यायची. शहरात घरोघरच्या यंत्रांची खरखर फार, म्हणून यतिनने ठाण्यासाठी साठवलेली रजा काढली आणि दोघं मला घेऊन उत्तरेकडच्या ओसाड डोंगरांतून लांबच्या वाटेवर चालायला निघाले. बाबांनी कळवलं, ‘ठीक. रोज दुपारी ऐकत बसेन.’ त्यांच्या मानाने हा निबंधच होता.

रोज संध्याकाळी, म्हणजे ठाण्यातल्या दुपारी, कौमुदीच्या मोज्यात दगड घालून माझी तार निलगिरीवर फेकली जाई. यतिन टिकटिकायचा, ‘बाबा, ऐकू येतंय का?’ उत्तर आलं ते टास्मानियातल्या एका आजोबांचं. ‘लाउड अँड क्लिअर, मेट.’ दुसऱ्या दिवशी जपानहून कोणीतरी बोललं.

“जपानला ऐकू येतं,” यतिन म्हणाला, “बाबांनाच येत नाही.”

“झोपत असतील रे दुपारचे.”

“बाबा? रेडिओसमोर? याच्यातच दम नाही. आपल्या फ्रीजमधला दिवा याच्यापेक्षा दांडगा आहे.”

“मग फ्रीज घेऊन चालायचं होतंस.”

यतिनने मला दोन चापट्या मारल्या. आपल्याकडे दुरुस्तीची सुरुवात तिथूनच होते. मी जीव काढून ओरडलो. नद्या कोरड्या, माश्या भरपूर, ठाणे गप्प. आजोबा मात्र रोज हजर. ‘तुझे बाबा आले का, मेट?’ नाही म्हटलं की म्हणायचे, ‘नो वरीज. तू हाक मार, मी गप्प राहतो.’

वाट संपली तिथे एक पब होता आणि फोनला रेंज होती. शेजारच्या सुनेत्राकाकूंचा आवाज आला.

“यतिन, कुठे आहेस रे? किती फोन केले. अरे, लहरींनी करोना पसरतो असं कोणीतरी ग्रुपवर टाकलं, तर कमिटीने गच्चीवरची तुझ्या बाबांची तार कापून टाकली. तुम्ही निघालात त्याच आठवड्यात. मी कळवते म्हटलं, तर बाबाच म्हणाले, नको, पोरगा चालायचा थांबेल. रोज दुपारी हेडफोन घालून तसेच बसायचे रे, नुसते. मंगळवारी ताप आला, ॲडमिट केलं. काल सकाळी गेले.”

मागवलेल्या चिप्स आल्या. त्या माश्यांनी खाल्ल्या.

त्या संध्याकाळी माझं बटण कोणी दाबलं नाही. टास्मानियातले आजोबा गप्प राहून वाट बघत असतील. मित्रांनो, दोष माझा नव्हता, हे कळून काही बरं वाटलं नाही. घरात जुनं माणूस ऐकत बसलं असेल, तर त्याची तार तेवढी एकदा बघून या.

प्रति, माननीय अधिकारी, आभाळ व सीमा विभाग.
विषय: हाका परत मिळणेबाबत.
महोदय, उपरोक्त हाकांना ठाण्यात उतरायला तार न मिळाल्याने त्या पुढे निघून गेल्या असून अद्याप प्रवासात आहेत. तरी त्या परत बोलावून, नियमानुसार चौदा दिवस क्वारंटाइनमध्ये ठेवून, मागील तारखेने संबंधित गच्चीवर उतरवाव्यात, ही विनंती. ऐकणारे हेडफोन घालून बसलेले आहेत.

अर्जदार: रेडिओ, पाच वॉट. मुक्काम इस्त्रीखाली.