व्हानची विहीण, मूशची विहीण

चोवीस एप्रिलला सगळं येरेवान शहर फुलं घेऊन टेकडीवरच्या स्मारकाकडे निघतं. यंदा गेघामला गाडी लावायला जागा मिळेना, म्हणून त्याने आई वार्सेनिक आणि सासू शोगेर या दोघींना पायथ्याशी उतरवलं आणि तो बायकोला घेऊन जागा शोधायला गेला. नातवाचं नाव ठेवण्यावरून बिनसल्यापासून दोघी एकमेकींशी फक्त टोमण्यांतून बोलत.

वार्सेनिकचे आजीआजोबा व्हानचे, शोगेरचे मूशचे. हे स्मारक ज्या कत्तलीचं, त्या एकोणीसशे पंधराच्या कत्तलीतून जीव वाचवून आलेली ती माणसं केव्हाच गेली, आणि सीमेपलीकडे राहिलेली ती गावं या दोघींनी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. तरी अर्धा चढ होईस्तोवर कुठला कोबी सरस, यावरून दोघींची जुंपली. मूशचा कोबी बैलगाडीत एकच मावायचा, असं शोगेरने सांगितलं. गाडीच लहान असेल, असं वार्सेनिक म्हणाली.

मग शोगेरच्या लक्षात आलं, आपली फुलं गाडीतच राहिली. वार्सेनिककडे ट्युलिपची सहा होती. मेलेल्यांना फुलं वाहायची ती समसंख्येने, तेव्हा तीन-तीन अशी वाटणी होईना.

"दोनच द्या, विहीणबाई," शोगेर म्हणाली. "व्हानच्या माणसाकडे जास्त मागू नये. तुमच्याकडे पाहुण्याला विचारतात ना, 'कॉफी पिऊनच आला असाल?'"

वार्सेनिकने चिडून चार फुलं तिच्या हातात कोंबली. थोडं पुढे जाताच तिला पश्चात्ताप झाला, पण आता परत मागणार कशी?

स्मारकात अखंड तेवणाऱ्या अग्नीभोवती फुलांची भिंत छातीपर्यंत आली होती. वार्सेनिकने आपली दोन ठेवली. आजीने व्हानच्या पाण्याची चव तेवढी सांगितली होती. कत्तलीत गेलेल्या आपल्या भावंडांची नावंसुद्धा कधी तोंडातून काढली नव्हती. ते आठवून तिला हुंदका आवरेना. शेजारी शोगेरने दोन फुलं ठेवली आणि उरलेली दोन वार्सेनिकच्या फुलांना लावून ठेवली.

"ही तुमच्या आजीच्या माणसांना," ती म्हणाली. "दोनांत कुणाकुणाचं भागणार?"

वार्सेनिकने ती चारही फुलं जुळवून सरळ लावली.

उतारावर शोगेरने बूट काढून हातात घेतले, त्याचं कारण विहिणीच्या कानात सांगितलं आणि तिचा दंड धरला. पायथ्याशी शोगेरची मुलगी धावत आली, अनवाणी का म्हणून विचारू लागली.

"पाय नाजूक दिसावेत म्हणून दोन नंबर लहान घेतलेत," वार्सेनिकने सांगून टाकलं.

शोगेर चक्क गप्प राहिली. ते पाहून गेघाम घाबरला, आणि आधी दवाखान्यात जायचं का, असं त्याने बायकोला हळूच विचारलं.