डिंकीच्या बाबांची बालवाडी

वस्तीतल्या आयांनी मिळून चालवलेली ती बालवाडी लाँड्रीच्या मागच्या खोलीत भरायची. पुढे इस्त्रीची वाफ, मागे बावीस पोरांचा कालवा. आया सकाळीच धुण्याभांड्यांना नाहीतर हमालीला बाहेर पडायच्या. पोरं घरात कोंडून ठेवायची वेळ येऊ नये म्हणून लाँड्रीवाल्या मावशींनी खोली दिली होती आणि त्यांच्याकडे इस्त्री करणारी एक पोरगी रीतसर शिकून बालवाडीची ताई झाली होती.

डिंकी साडेतीन वर्षांची. बाबांच्या पायाला एकदा चिकटली की सुटायची नाही, म्हणून सगळे तिला डिंकी म्हणत. बाबा रंगारी, दाराची अख्खी चौकट भरून टाकणारा धिप्पाड गडी, पण लेकीपुढे अगदी मेण. पहिल्या दिवशी तो पाय ओढत, म्हणजे पायासकट डिंकी ओढत, आत आला.

"दादा, दहा मिनिटं बसा. ती रमली की हळूच सटका," ताई म्हणाली.

रंगारी एका टीचभर लाल खुर्चीवर कसाबसा टेकला. डिंकी खरंच दहा मिनिटांत रमली. पण तेवढ्यात ताईने टोपी हरवलेल्या अस्वलाची गोष्ट सुरू केली.

"मग? सापडली का टोपी?" रंगाऱ्याने विचारलं.

"उद्या सांगते."

झालं! दुसऱ्या दिवशी स्वारी पोरांच्या आधी हजर. कामावर त्याने निरोप धाडला होता, की लेक फार रडते. लेक तिकडे वाळूत मजेत लोळत होती. तिसऱ्या दिवशी निळ्या खडूवरून त्याचं चार वर्षांच्या एका पोरीशी भांडण झालं आणि ताईने दोघांना कोपऱ्यात बसवलं. डिंकीची मान शरमेने खाली गेली. चौथ्या दिवशी तिने स्पष्टच सांगितलं, "बाबा, तू आता कामाला जा ना!"

"अगं, अस्वल अजून नदीतच आहे!"

शेवटी ताईनेच पाचव्या दिवशी गोष्ट उरकली. टोपी अस्वलाच्या डोक्यावरच होती. रंगारी असा गदागदा हसला, की खुर्चीत पार रुतून बसला. नेमक्या त्याच वेळी पाहणीच्या बाई दारात उभ्या राहिल्या. बालवाडीला दुपारचं जेवण मंजूर करायचं की नाही, हे त्यांच्या हातात होतं. मान द्यायला म्हणून रंगारी ताडकन उठला. खुर्चीही उठली.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

ताई घाईघाईने पुढे झाली. निळ्या खडूवाली पोरगी मात्र शांतपणे म्हणाली, "तो आमच्यात नवीन आहे."

"आणि ती मागे खुर्ची?"

"ती जुनी आहे."

मग पोरांची सभा भरली. एकजण म्हणाला, बाबांना कापू या. दुसरी म्हणाली, बारीक होईपर्यंत जेवायला देऊ नका. हे ऐकून रंगारी कासावीस झाला. डिंकी मात्र पुढे धावली आणि मावशींकडून साबणाच्या पाण्याची बादली घेऊन आली. म्हणजे बादली मावशींनी उचलली होती, डिंकीने फक्त हुकूम सोडला. पोरं खुर्चीच्या पायांना लोंबकळली. सगळ्यांत मागे, कागद काखेत मारून, बाईही ओढायला लागल्या.

"एक, दोन, तीन, पाच..."

"चार राहिले!" बाई ओरडल्या.

"चार!" पोरं ओरडली आणि खुर्ची फटकन सुटली. बाई मागच्या मागे धुतलेल्या चादरींच्या ढिगात गडप झाल्या. ताईने डोळे मिटून घेतले. ढिगातून आधी एक चप्पल आली, मग हसू, मग बाई.

"परत!" पोरं म्हणाली.

जेवण मंजूर झालं. शेऱ्यात बाईंनी लिहिलं, 'मुले एकजुटीने काम करतात. मोजणी सुधारावी.'

सोमवारी डिंकी मागे वळूनही न पाहता आत पळाली. रंगारी दारात घुटमळत राहिला, डोळे पुसत.

"दादा, रडायचं नाही," ताई म्हणाली. "शनिवारी या, भिंत रंगवायचीय. काय काढायचं ते मुलं सांगतील."

शनिवारी तो रंगाचे डबे घेऊन आला. पोरांनी हत्ती सांगितला, सहा पायांचा. त्याने एका शब्दाने हुज्जत न घालता सहाच्या सहा पाय काढले आणि वर पोरांनाच विचारलं, "शेपट्या किती?"