बेवारशी सर्व्हर

चाचणी विभागातल्या बाईंना ऑफिसात सगळे ताई म्हणायचे. चाचणीपुरता सर्व्हर हवा असला की ताई काळ्या स्क्रीनवर एक कमांड टाइप करून तो क्लाउडवर उभा करायच्या आणि काम झालं की दुसऱ्या कमांडने पाडायच्या. बाकीचे नुसते उभे करून मोकळे! नावं तरी कसली, ‘टेस्ट’, ‘टेस्ट नवा’, ‘कचरा’. बेसिनमध्ये बुरशी धरलेले कप टाकून जाणारी हीच मंडळी. ताईंना दोन्हीची सारखीच किळस यायची.

सकाळच्या मीटिंगमध्ये साहेबांनी शिस्तीवर प्रवचन झोडलं. मग ताईंनी विचारलं, "हा ‘कचरा’ कुणाचा?" सगळे छताकडे बघायला लागले, साहेबसुद्धा. ताईंनी तिथल्या तिथे तो पाडला आणि यापुढे मालकाच्या नावाशिवाय सर्व्हर उभाच राहणार नाही, अशी सोय करून ठेवली.

दुपारी साहेब घामाघूम होऊन आले. "ताई, माझा डेमो त्या ‘कचऱ्या’वर होता हो! क्लायंट येऊन बसलेत."

"मग सकाळी मिठाची गुळणी धरली होतीत का?"

"एवढं बोलून झाल्यावर सगळ्यांसमोर कसं सांगणार?"

ताईंना शिसारी आली. पण बाहेर माणसं ताटकळत होती, म्हणून त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. "मालक म्हणून नाव कुणाचं टाकू?"

साहेबांनी मागे कुणी नाही ना, ते बघून घेतलं.

"तुमचंच टाका."